घरी बटेर पाळायचे, तर खर्च किती?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात सहा बटेर घरी ठेवायचे, तर सुरुवातीला साधारण ३,००० रुपये लागतात आणि पुढे दरमहा ४०० ते ४५० रुपये. हीच हौस अंड्यांपासून, म्हणजे स्वतः पिल्लं काढून करायची असेल तर पहिल्याच खेपेला ५,००० रुपयांच्या पुढे जाल. पक्षी स्वस्त असतो, त्याच्याभोवतीची व्यवस्था महाग पडते. पण पैशांचा हिशेब मांडण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा आणि तो दुकानात कुणी आपणहून काढत नाही. तुम्ही घेताय तो बटेर नेमका कोणता?

शोभेचा म्हणून ज्याला सर्वाधिक मागणी असते तो इवलासा पक्षी ‘बटन क्वेल’, ‘चायनीज क्वेल’ किंवा ‘किंग क्वेल’ या नावांनी विकला जातो. वजन जेमतेम ४० ते ५० ग्रॅम. नराची छाती निळसर करडी, गळ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. पांढऱ्या आणि रुपेरी रंगाचेही मिळतात. अंडं १६ ते १७ दिवसांत फुटतं आणि बाहेर येणारं पिल्लू भुंग्याएवढं असतं. मोह पडावा असाच पक्षी आहे, आणि म्हणूनच स्पष्ट सांगतो: हा घेऊ नका.

विकणारे सांगतात की ही विदेशी जात आहे, हिला आपला कायदा लागू नाही. हे खरं नाही. निळ्या छातीचा हा बटेर भारतात रानात आढळतो, ओलसर गवताळ भागात राहतो, त्यामुळे तो आपला देशी वन्य पक्षी ठरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या अनुसूचीत लाव्हे-बटेर पूर्वीपासून आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरच्या, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या रचनेतही देशी पक्ष्यांचं संरक्षण कायम आहे. ‘आम्ही पिंजऱ्यातच पैदास केली आहे’ हा बचावही चालत नाही, कारण अनुसूचीतला प्राणी बंदिवासात जन्मला तरी तो कायद्याच्या कक्षेतच राहतो. रंग बदलल्याने जात बदलत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड इतकी होऊ शकते. हजार-बाराशेच्या जोडीसाठी कुणी हा धोका घरात आणू नये.

दुसरा धोका त्याहून जुना आहे. पावसाळ्यानंतर माळरानावर जाळं लावून पकडलेले लाव्हे टोपलीत घालून विकायला आणणारे अजूनही भेटतात. ते विकत घेणं हाही गुन्हाच आहे. शिवाय रानातून पकडलेला लाव्हा पिंजऱ्यात सतत वर उसळी मारतो, डोकं आपटून घेतो आणि बहुतेक वेळा थोड्या दिवसांत मरतो. असा कुणी विकताना दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मग घरी ठेवायचा कोणता? जपानी बटेर. हा बाहेरून आलेला पाळीव पक्षी आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथे १९७४ साली तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाहून आणला गेला आणि तिथून देशभर त्याचं पालन पसरलं. तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कॅरी उज्ज्वल’, ‘कॅरी श्वेता’, ‘कॅरी पर्ल’ असे वाणही काढले. मध्यंतरी काही वर्षं या पाळीव बटेरालाही वन खात्याच्या परवान्याचा पेच पडला होता, पण पुढे केंद्र सरकारनेच तो सोडवला. तरीही विकत घेताना पावती मागा आणि तिच्यावर ‘जपानी क्वेल’ असं लिहून घ्या. चौकशीला कुणी आलं तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

शोभेला जपानी बटेरही कमी पडत नाही. नेहमीचा तपकिरी ठिपक्यांचा असतो, त्याशिवाय पांढरा, सोनेरी, गडद चॉकलेटी आणि पोटाला पांढरा-पाठीला गडद असे रंग मिळतात. वजन १५० ते २०० ग्रॅम, मांसासाठीच्या वाणात त्याहून जास्त. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते. आयुष्य दोन-तीन वर्षांचं, चांगली निगा राखली तर थोडं अधिक.

तयार पक्षी घ्यायचे की अंडी?

इथे दिलेल्या किमती किरकोळ बाजारातल्या अंदाजाच्या आहेत, दोन ठिकाणी विचारूनच घ्या. पाच आठवड्यांचा वाढलेला बटेर ८० रुपयांच्या आसपास धरावा. रंगीत असेल तर दुप्पट सांगतात. सहा पक्ष्यांचे ४८० रुपये, तीन फूट बाय दोन फुटांचा पिंजरा १,८००, खाद्यपात्र आणि पाण्याचं भांडं २००, वाळूच्या अंघोळीचा ट्रे १००, पाच किलो खाद्य ३००, खाली अंथरायला भुसा १५०. बेरीज ३,०३० रुपये.

आता अंड्यांचा हिशेब. उबवण्यालायक अंडं १२ रुपयांना धरलं, तर २४ अंड्यांचे २८८. घरगुती इन्क्युबेटर बनवायला सुमारे १,२००. पिल्लांना ऊब देणारा ब्रूडर आणि त्यांची भांडी मिळून ६००. विजेचे ४००. पाच आठवड्यांपर्यंत प्रत्येक पिल्लू अर्धा किलो खातं, म्हणून बारा पिल्लांना सहा किलो खाद्याचे ३६०. इथवर २,८४८ रुपये झाले आणि मोठ्या पक्ष्यांचा पिंजरा, भांडी, भुसा यांचे २,२५० वेगळेच. एकूण ५,०९८.

या पैशात हाती काय येतं? प्रवास करून आणलेल्या २४ अंड्यांतून नवख्या हाताला दहा ते चौदा पिल्लं मिळाली तर ते चांगलं यश समजावं. त्यातली दहा जगली, तर पाच नर आणि पाच माद्या. म्हणजे जो पक्षी बाजारात ८० रुपयांना मिळतो तो घरी २८५ रुपयांना पडला. दुसऱ्या खेपेला इन्क्युबेटर-ब्रूडरचा खर्च नसतो, तरीही तो १०५ रुपयांना पडतो. पैसे वाचवण्यासाठी म्हणून कुणी अंडी उबवू नयेत. अंड्याला तडा जाताना मुलांना दाखवायचं असेल, तो सगळा क्रम स्वतः शिकायचा असेल, तर मात्र हा खर्च सार्थकी लागतो. आणि तेव्हासुद्धा आधी दोन महिने तयार पक्षी सांभाळून बघावेत असा माझा आग्रह आहे. ज्या घराला सहा मोठे पक्षी जड जात नाहीत, त्या घरानेच पिल्लांच्या वाटेला जावं.

अंडी आणताना एक लक्षात ठेवा. मॉलमध्ये किंवा अंड्यांच्या दुकानात खाण्यासाठी मिळणारी बटेराची अंडी बहुतेक वेळा नराशिवाय ठेवलेल्या माद्यांची असतात, ती कितीही उबवली तरी फुटत नाहीत. अंडी हवीत ती नर-माद्या एकत्र असलेल्या पालकाकडूनच, सात दिवसांच्या आतली. मुरबाड, कर्जत, शहापूर या पट्ट्यात कुक्कुटपालन करणारे बरेच आहेत. त्यांच्यात बटेर कोण ठेवतं हे पशुखाद्याच्या दुकानात विचारलं की कळतं. गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं कार्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते. अंडी आणताना गर्दीची वेळ टाळा. लोकलच्या धक्क्यांनी आतला हवेचा कप्पा सुटतो, मग पिल्लू तयार होऊनही आतच गुदमरतं. घरी आणल्यावर अणकुचीदार टोक खाली करून अंडी अर्धा-एक दिवस स्थिर ठेवावीत आणि त्यानंतरच मशीनमध्ये लावावीत.

इन्क्युबेटर आणि आपली हवा

पाळीव जपानी बटेराची मादी अंड्यांवर बसायचं जवळपास विसरून गेली आहे, त्यामुळे यंत्राला पर्याय नाही. ऑनलाइन मिळणारी पन्नासेक अंड्यांची स्वयंचलित यंत्रं साडेतीन ते साडेसहा हजारांना पडतात. मासळी बाजारातला थर्मोकोलचा खोका आणून घरी बनवलं तर खर्च एक तृतीयांशावर येतो: खोका १००, तापमानाचा डिजिटल कंट्रोलर ३००, छोटा पंखा १५०, अ‍ॅडॅप्टर २००, बल्ब आणि होल्डर १००, आर्द्रतामापक २५०, जाळी आणि ट्रे १००. मासळीचा खोका आधी साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा. वायरिंगची सवय नसेल तर जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पाण्याच्या वाटीशेजारी उघडी वायर असणं हा घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस हवं. स्वस्त कंट्रोलर एखादा अंश चुकीचा दाखवतात आणि एक अंशाची चूक अख्खा घाणा बिघडवते. त्यासाठी ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या पातळीवर ठेवून ताडून घ्या, तो या पट्ट्यात भरवशाचा असतो. अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल अशी पेन्सिलने खूण करा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. आकडा विषम ठेवायचा, म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात प्रखर टॉर्च लावून बघा. ठिपक्यांमुळे कोंबडीच्या अंड्याइतकं स्वच्छ दिसत नाही, पण वाढणारं अंडं गडद दिसतं आणि रिकामं पिवळसर उजळ. चौदाव्या दिवसानंतर फिरवणं थांबवा. १७ व्या-१८ व्या दिवशी पिल्लं येतात.

आर्द्रतेच्या बाबतीत पुस्तकातली कृती आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. पहिले चौदा दिवस आत ४५ ते ५० टक्के आर्द्रता हवी असते आणि त्यासाठी पाण्याची वाटी ठेवा असं सगळीकडे सांगितलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये बदलापुरात बाहेरची हवा २७ अंशांना ९० टक्के दमट असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर आपोआपच ५० टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळ्यात पहिल्या चौदा दिवसांत वाटी मुळीच नको. ती ठेवली की अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, हवेचा कप्पा लहान राहतो आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवच न फोडताच मरतं. डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री २० अंशांची कोरडी हवा तापली की आत २० टक्केसुद्धा राहत नाही, तेव्हा वाटी हवीच आणि ती रोज भरायला हवी. एप्रिल-मे या दोहोंच्या मधले. तेव्हा लहान झाकणभर पाणी पुरतं. शेवटच्या तीन दिवसांत मात्र कोणताही ऋतू असो, ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत न्यायचं.

उन्हाळ्याची खरी अडचण निराळीच आहे. अंडी साठवायला १५ ते १८ अंश लागतात. मे महिन्यात आपल्या खोल्या ३३-३५ अंशांवर असतात. तेवढ्या उष्णतेत अंड्यातली वाढ अर्धवट सुरू होऊन बिघडते. त्यामुळे उन्हाळ्यात साठवण करू नका, आणली की दुसऱ्या दिवशी लावा. माझं मत विचाराल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच पिल्लं काढावीत. त्या महिन्यांत पाऊस नसतो, घामाघूम करणारा उकाडा नसतो आणि वीजही कमी वेळा जाते.

वीज गेली तर घाबरू नका. झाकण उघडू नका, खोक्यावर जाड चादर टाका. अंडी काही तास थंड झाली तर पिल्लं थोडी उशिरा येतील, पण जास्त तापली तर मरतात. वीज परत आल्यावर कंट्रोलर आधीच्या तापमानालाच सुरू झाला का, एवढं आधी तपासा. घरात इन्व्हर्टर असेल तर इन्क्युबेटर त्यावर टाका. पंचवीस-तीस वॅट इतकाच त्याचा सरासरी भार असतो, अठरा दिवसांत अकरा ते तेरा युनिट. ब्रूडरचा ६० वॅटचा हीटर चौदा दिवस चालला तर वीस युनिट. युनिटला १२ रुपये धरले की वर सांगितलेले ४०० होतात.

पहिला तडा दिसल्यापासून सगळी पिल्लं बाहेर येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. उघडलं की दमटपणा उडतो आणि आतल्या पिल्लाभोवती पातळ पापुद्रा घट्ट आवळतो. पोटात शोषलेल्या पिवळ्या बलकावर पिल्लू २४ तास सहज राहतं, त्याला दाण्याची घाई नसते.

पहिले दोन आठवडे

जपानी बटेराचं पिल्लू सहा ते आठ ग्रॅमचं असतं. पाण्याच्या बशीत बुडून मरणं हे या वयातलं सगळ्यात नेहमीचं मरण आहे. बशीत काचेच्या गोट्या भरा, पाणी फक्त फटींत राहू द्या. पाच-दहा रुपयांच्या गोट्यांनी जेवढी पिल्लं वाचतात तेवढी कोणत्याही औषधाने वाचत नाहीत. दुसरी गोष्ट जमिनीची. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं लंगडं होतं. खाली जुन्या टॉवेलचा तुकडा, गोणपाट किंवा खरखरीत रबरी मॅट घाला.

पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. एका ठिकाणी गोळा होऊन चिवचिव करत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. भिंतीला चिकटून चोच उघडी टाकत असतील तर उष्णता फार झाली. मेमधल्या दुपारी पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत हीटर बंदच ठेवावा लागतो आणि पहाटे पुन्हा लावावा लागतो. पिवळा बल्ब आता सगळीकडे मिळत नाही. चारशेच्या आसपास मिळणारा सिरॅमिक हीटर चांगला, त्याचा उजेड पडत नाही, त्यामुळे रात्री पिल्लं झोपतात.

खाद्यात २४ ते २७ टक्के प्रथिनं हवीत. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर जवळचं असतं, ते मिक्सरमध्ये अगदी बारीक करून द्या. भात, पोळीचा चुरा, नुसती बाजरी यांच्यावर बटेराचं पिल्लू वाढत नाही. अंडी देणाऱ्या मादीला १८ ते २० टक्के प्रथिनांचं लेअर खाद्य आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा. पावसाळ्यात पाच किलोपेक्षा जास्त खाद्य घरात ठेवू नका. कुबट वास आला, गाठी झाल्या, हिरवट-काळी छटा दिसली, तर ते फेकून द्या. बुरशीचं विष यकृतात जातं आणि पक्षी वाचत नाही. साठ रुपये किलोच्या खाद्यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

पिंजरा, जागा आणि शेजार

व्यावसायिक शेडमध्ये बटेर दाटीवाटीने ठेवतात. घरात तसं करायचं कारण नाही. दर पक्ष्याला किमान एक चौरस फूट द्या, म्हणून सहा पक्ष्यांना तीन बाय दोन. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही हालचालीला अपुरी जागा देणं हा गुन्हा मानतो. बटेर दचकला की सरळ वर उडतो, त्यामुळे एक फुटाएवढं छत ठेवा आणि आतून जाळीऐवजी मऊ कापड ताणून लावा. दोन फूट उंचीचा पोपटाचा पिंजरा नको, तेवढ्या उंचीत त्याला वेग मिळतो आणि टाळू फुटते. या पक्ष्याला फांदी लागत नाही, सपाट जमीन लागते, आणि त्यावर वाळूचा ट्रे. वाळूत लोळणाऱ्या बटेराकडे घरातलं लहान मूल अर्धा तास बघत बसतं.

पिंजरा तयार न घेता उल्हासनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतला तर मनाजोगता मिळतो. अर्धा इंची जाळी सांगा. आपल्या भागात उंदीर-घुशींचा त्रास मोठा आहे आणि घूस एका रात्रीत अख्खा पिंजरा रिकामा करते. जस्ताचा मुलामा असलेली जाळी नवी असेल तर व्हिनेगरने पुसून, धुऊन, उन्हात ठेवून मगच वापरा. त्यावरची जस्ताची भुकटी पोटात गेली तर पक्ष्याला विषबाधा होते. पिंजरा पश्चिमेच्या गॅलरीत नको. बदलापुरात मार्च-एप्रिलपासूनच पारा ४० च्या पुढे जातो आणि बटेर उष्णतेने फार लवकर दगावतो.

उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या सखल वस्त्यांत, तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पिंजरा भिंतीला उंचावर बसवावा. २६ जुलै २००५ चा पूर सगळ्यांना आठवतो. २०१९ च्या जुलैअखेर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली ती रात्रही फार जुनी नाही. घर सोडायची वेळ आली तर पक्षी उचलून नेता येतील असा झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट, भोकं पाडलेला, हाताशी ठेवावा. दीडशे रुपयांत मिळतो.

सोसायटीत राहत असाल तर पक्षी आणण्याआधी शेजाऱ्यांशी बोला. नराची हाक चिरकी असते आणि पहाटे सुरू होते. वासाची तक्रार तर त्याहून आधी येते. आठवड्यातून दोनदा भुसा बदलला तर वास येत नाही, नाही बदलला तर चार दिवसांत अमोनियाने डोळे चुरचुरतात. तुमचे आणि पक्ष्यांचेही.

सहा पक्षी रोज प्रत्येकी २५ ग्रॅम खातात, महिन्याला साडेचार किलो, २७० रुपये. भुशाचे सव्वाशे-दीडशे, शिंपल्यांचे वीस, दिव्याचे दहा. मादीला अंडी द्यायला १४ ते १६ तास उजेड लागतो, त्यासाठी संध्याकाळी पाच वॅटचा एलईडी पुरतो. सहापैकी पाच माद्या असल्या तर त्या मिळून महिन्याला शंभरेक अंडी देतात. ती बाजारभावाने चारशेच्या घरात जातात, म्हणजे खाद्य आणि भुसा फिटतो. पिंजरा, आजारपण आणि तुमचा वेळ फिटत नाही. सहा पक्ष्यांतून धंदा होतो असं कुणी सांगत असेल आणि त्यासाठी ‘स्टार्टर पॅकेज’ विकत असेल, तर तिथून निघून या.

आजारपण

घरी कोंबड्या किंवा कबुतरं असतील तर बटेर त्यांच्यासोबत ठेवू नका. त्यांचे आजार बटेराला लागतात. पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसणं, पातळ किंवा रक्ताळ विष्ठा, खाणं सोडणं, ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी दाखवा, कारण एवढा छोटा पक्षी दुखणं शेवटपर्यंत लपवतो. पक्षी तपासणारे डॉक्टर आपल्या पट्ट्यात थोडे आहेत. पक्षी आणण्याआधीच असा एक दवाखाना शोधून ठेवा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय दोन्ही आहेत. बदलापूरहून जाऊन येऊन अर्धा दिवस मोडतो. तपासणी, औषध आणि प्रवास धरून ५०० ते १,००० रुपये कायम बाजूला असू द्या. ८० रुपयांच्या पक्ष्यावर हजार कशाला, असं मनात येत असेल तर पक्षी न आणलेलाच बरा. दुकानदाराने दिलेली प्रतिजैविकाची पूड पाण्यात घालत बसू नका. पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायची सवय मुलांना लावा, साल्मोनेला पक्ष्यांकडून माणसांकडे येतो.

बर्ड फ्लूचंही भान हवं. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत. असा उद्रेक झाला की केंद्रापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी नष्ट केले जातात, त्यात घरातले बटेरही येतात, आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी राहते. एकाच वेळी दोन-तीन पक्षी अचानक मेले तर ते कचऱ्यात टाकू नका, हाताने चिवडू नका. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर कळवा. लपवण्याने शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याच्या हजारो कोंबड्या धोक्यात येतात.

जादा नरांचं काय?

अंडी उबवायच्या आधी हा प्रश्न सोडवून ठेवा. दहा पिल्लांत साधारण पाच नर निघणारच, आणि पाच माद्यांमागे एक नर पुरतो. जास्त नर ठेवले तर ते एकमेकांची आणि माद्यांची डोकी सोलून काढतात. तपकिरी वाणात तीन-चार आठवड्यांना ओळख पटते: नराची छाती सलग तांबूस, मादीच्या छातीवर काळे ठिपके. पांढऱ्यात ती पिसांवरून कळत नाही. ज्यांना पिल्लं काढायची नाहीत, फक्त पक्षी आणि अंडी हवीत, त्यांनी तपकिरी वाणाच्या सगळ्या माद्याच घ्याव्यात. नर नसला तरी अंडी येतात आणि पहाटेचा आवाजही राहत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो.

पिल्लं काढणाऱ्यांनी जादा नर घेणारा पालक आधी ठरवावा. काही जण ते खातात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त घरातल्या मुलांना ते पहिल्या दिवशीच सांगावं. नर वेगवेगळे ठेवता येतात, पण मग प्रत्येकाला पिंजरा आणि महिन्याला सत्तर रुपये. यातलं काहीच जमणार नसेल तर अंडी लावू नका.

बारवीच्या जंगलात, मलंगगडाच्या पायथ्याशी किंवा उल्हास नदीच्या काठावर मात्र ते कधीही सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेला बटेर रानात मांजर, मुंगूस, शिकरा यांच्या तोंडी जातो. त्यातून एखादा जगलाच तर त्याचा रानातल्या लाव्ह्याशी संकर होऊ शकतो आणि आपल्या देशी पक्ष्यांचा वंश बिघडतो. पक्षी सांभाळणं खरोखरच अशक्य झालं, तर ज्याच्याकडून घेतले त्याला पावती दाखवून परत विचारा किंवा दुसऱ्या पालकाला फुकट द्या.